गिअरबॉक्सचे झाकण उघडणारे हात: एका घरगुती कामाचा इतिहास

१/
गेल्या उन्हाळ्यात सांगलीला काकांकडे गेले होते. रविवारी सकाळी अंगणातून हाक आली. घरची सोळा वर्षांची गाडी चार स्टँडवर उचलून ठेवलेली होती आणि काका तिच्याखाली पाठीवर आडवे झाले होते. "फडकं आण गं, आणि ते तसराळं इकडं सरकव. गिअर ऑइल काढायचंय." इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून जुने कागद मी पुष्कळ हाताळले आहेत, गिअरबॉक्स मात्र त्या दिवशी प्रथमच जवळून पाहिला.

२/
काकांचा पहिला नियम असा: "आधी वरचा, तेल भरायचा नट सुटतोय का बघायचं. मगच खालचा सोडायचा. खालून तेल सांडलं आणि वरचा गंजून बसला असला, तर गाडी अंगणातच राहिली." गाडी आधी पाचसहा किलोमीटर फिरवून आणलेली होती, कोमट तेल मळ सोबत घेऊन बाहेर पडते. खालचा नट सुटताच काळसर तेलाची धार लागली आणि गंधकाचा उग्र दर्प पसरला. नटाच्या टोकाशी चुंबक होते, त्यावर मलमासारखी लोखंडी भुकटी. "भुकटी चालते. तुकडे दिसले की समजायचं, गिअरचे दात गेले."

३/
त्या दर्पाविषयी परतल्यावर वाचू लागले आणि वाचता वाचता शेतकरी, रणगाडे, देवमासे आणि वाळवंटातले एक झुडूप अशा अनपेक्षित ठिकाणी पोहोचले. घरी गिअरबॉक्स साफ करणे हे काम क्षुल्लक वाटते. परंतु यंत्र कोणी उघडावे आणि त्यात काय ओतले जाते हे कोणाला माहीत असावे, या दोन प्रश्नांचा शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास त्यात साठलेला आहे. आजचा हा थ्रेड त्याविषयी.

४/
आरंभ मूळ अडचणीपासून करू. वाफेचे इंजिन स्थिर अवस्थेतूनही पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोलच्या इंजिनाला ते जमत नाही. ते एका ठरावीक वेगाने फिरत असेल तरच त्याच्यात ताकद असते. वेग फार उतरला की ते बंद पडते. चढावर जोर हवा, सपाटीवर वेग हवा आणि इंजिन तर एकच. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये लहानमोठ्या दातेरी चक्रांची एक मध्यस्थ यंत्रणा बसवावी लागली. तीच गिअरबॉक्स.

५/
या यंत्रणेला आज ओळखीचे वाटेल असे रूप फ्रान्समध्ये पानार-लेव्हासोर या कारखान्यात मिळाले. एमिल लेव्हासोर यांच्या १८९०च्या दशकारंभीच्या गाड्यांत चक्रे एका दांड्यावर सरकवून एकमेकांत अडकवली जात. आरंभी ही चक्रे उघडीच होती. रस्त्याची धूळ वंगणात मिसळे आणि ते मिश्रण चक्रांचे दात घासून काढी. पुढे चक्रे बंद पेटीत तेलात बुडवून ठेवण्याची रीत आली. गिअरबॉक्स हा बॉक्स झाला तो धुळीपासून बचाव करण्यासाठी.

६/
जून १८९५मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत लेव्हासोर यांनी सुमारे ११७८ किलोमीटरचे अंतर ४८ तास ४८ मिनिटांत कापले. मोटारीची चर्चा युरोपभर झाली. परंतु मोटार ही अद्याप धनिकांची वस्तू होती आणि धनिकाचे हात तेलात बुडत नसत. त्यासाठी पगारी माणूस असे. 'शोफर' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी तापवणारा. गाडी चालवणे, धुणे, उघडणे, जोडणे, सारे त्याच्याकडे. मालकी एकाची आणि ज्ञान दुसऱ्याचे, अशी ही पहिली विभागणी.

७/
ही विभागणी मोठ्या प्रमाणावर मोडली ती अमेरिकेत. ऑक्टोबर १९०८मध्ये हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने 'मॉडेल टी' बाजारात आणली. १९२७पर्यंत दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. आरंभी ८५० डॉलरच्या आसपास असलेली किंमत १९२०च्या दशकाच्या मध्यास, सर्वांत साध्या नमुन्यासाठी, ३०० डॉलरच्या आत आली. ग्राहकांत शेतकरी फार मोठ्या संख्येने होते. त्यांना शोफर परवडणारा नव्हता आणि जवळचे गॅरेज कैक मैल दूर असे. गाडी बिघडली तर दुरुस्त करणारा एकच माणूस उपलब्ध होता: मालक.

८/
मॉडेल टीचा गिअरबॉक्स लेव्हासोर यांच्यासारखा सरकत्या चक्रांचा नव्हता. त्यात ग्रहमालेची रचना होती: मध्ये एक चक्र आणि त्याच्याभोवती फिरणारी लहान चक्रे. ही सारी चक्रे सदैव एकमेकांत अडकलेलीच असत. गिअर बदलायचा म्हणजे यंत्रणेतला एखादा ड्रम पकडून थांबवायचा, की बाकीची चक्रे वेगळ्या प्रमाणात फिरू लागत. ड्रमला पकडण्यासाठी त्याच्याभोवती पोलादी पट्टा असे आणि पट्ट्याला आतून सुती विणीचे अस्तर.

९/
असे तीन ड्रम आणि तीन पट्टे. डावे पेडल पूर्ण दाबले की मंद गतीचा पट्टा आवळला जाई, मधल्याने गाडी मागे जाई आणि उजवे ब्रेकचे. म्हणजे चालकाचा पाय जवळजवळ थेट त्या पट्ट्यावरच असे. पट्टा घसरू लागला तर तळपायाला कळे. अनुभवी चालक ब्रेक लावताना कधी कधी मधले पेडलही वापरत, जेणेकरून तिन्ही पट्ट्यांची झीज सारखी व्हावी. यंत्राच्या झिजेचा हिशेब चालवणाऱ्याच्या पायात होता.

१०/
आता साफसफाईकडे येऊ. मॉडेल टीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे तेल एकच होते. तेलाचा पंपही नव्हता. फिरते फ्लायव्हीलच तेल उडवी आणि एका नळीतून ते पुढे जाई. तेलाची पातळी पाहायला मागच्या बाजूस खाली दोन छोट्या तोट्या असत. वरच्या तोटीतून तेल आले तर ते भरपूर, खालच्या तोटीतूनही आले नाही तर धोक्याची खूण. पट्ट्यांच्या अस्तराचे सुती तंतू झिजून याच तेलात पडत आणि तेलाची नळी तुंबवत. म्हणून तेल वेळेवर काढणे अटळ होते.

११/
फोर्ड कंपनी गाडीबरोबर देत असलेली पुस्तिका प्रश्नोत्तरांच्या रूपात होती. त्यातील सल्ल्याचा आशय असा: नवी गाडी सुमारे ४०० मैल चालल्यावर आणि पुढे दर सुमारे ७५० मैलांनी खालचा नट काढून घाण तेल काढून टाकावे. मग सुमारे गॅलनभर रॉकेल ओतून हँडलने इंजिन पंधरावीस वेळा हाताने फिरवावे, म्हणजे रॉकेल उडून आतील भाग धुतले जातील. ते रॉकेल काढून टाकावे आणि खाचखळग्यांत उरलेलेही निघून जावे म्हणून गाडी फुटपाथच्या कडेएवढ्या उंचवट्यावर चढवावी. कारखान्याने मालकाला विश्वासात घेऊन सांगितलेली ही कृती आहे.

१२/
पट्टे आवळणे हेही घरचेच काम. मंद गतीच्या पट्ट्याचा स्क्रू झाकणाच्या बाहेर उजव्या बाजूस होता. उरलेल्या दोन पट्ट्यांसाठी पायाशी असलेले छोटे झाकण उघडून आतले नट फिरवावे लागत. नट हातातून निसटून खाली तेलात पडला, तर तो पुन्हा हाती लागणे कठीण. म्हणून जाणती माणसे आधी आत फडके कोंबून ठेवत. आणि पट्टा अति आवळायचा नाही, कारण सुटल्यावरही तो ड्रमला घासत राहिला तर गाडी स्वतःच्याच ब्रेकशी झगडत चालते.

१३/
हे चित्र रम्य करून सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. थंडीत घट्ट झालेल्या तेलामुळे क्लच पुरता सुटत नसे आणि हँडल मारणाऱ्याच्या अंगावर गाडी हळूच सरकू लागे. त्यासाठी लोक मागचे एक चाक जॅकवर उचलून मग हँडल मारत. बोटे चेमटत, मनगटे मोडत. ही दुरुस्ती हौसेपेक्षा गरजेपोटी होत असे. परंतु गरजेपोटी का होईना, लक्षावधी सामान्य घरांत गिअरबॉक्सच्या आतील रचना माहीत असलेली माणसे निर्माण झाली.

१४/
याचा परिणाम गाडीपुरता राहिला नाही. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, की ग्रामीण अमेरिकेतील लोकांनी मोटारीचा उपयोग कारखान्याच्या कल्पनेबाहेर नेला. मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवायचा आणि त्यावर लाकूड कापायचे, मक्याचे दाणे सोलायचे, कपडे धुण्याचे यंत्रही चालवायचे. वस्तूचा अर्थ बनवणारा एकटा ठरवत नाही, वापरणाराही तो घडवतो, हा त्यांचा मुद्दा. मला त्यात एक पुरवणी जोडावीशी वाटते: वापरणाऱ्याला आतले काही दिसत असेल, तरच तो तो अर्थ घडवू शकतो.

१५/
१९२७मध्ये मॉडेल टी थांबली. पुढच्याच वर्षी कॅडिलॅकने 'सिंक्रोमेश' आणले: चक्रे अडकण्यापूर्वी त्यांचे वेग जुळवणारी रचना, ज्यामुळे गिअर टाकताना होणारा खडखडाट गेला. आजच्या हाताने गिअर टाकायच्या गाड्यांत तीच रचना सुधारून वापरली जाते. ती विकसित करणारे अर्ल थॉम्पसन यांनीच पुढे जनरल मोटर्समधील एका चमूचे नेतृत्व केले. त्या चमूने १९३९मध्ये ओल्ड्समोबाइलच्या १९४०च्या नमुन्यासाठी 'हायड्रामॅटिक' दिला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स.

१६/
गंमत अशी, की हायड्रामॅटिकच्या पोटात मॉडेल टीचीच कल्पना होती: ग्रहमालेची चक्रे, ड्रम आणि पट्टे. बदलला तो पट्टा आवळणारा. पायाऐवजी आता तेलाचा दाब पट्टा आवळू लागला आणि तो दाब कुठे पाठवायचा हे सूक्ष्म झडपांची एक चक्रव्यूहासारखी पेटी ठरवू लागली. दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट आणि एम-२४ शाफी या हलक्या रणगाड्यांत बसवला गेला. चालकाच्या तळपायाला पूर्वी जे कळत असे, ते आता झडपांच्या पेटीकडे गेले.

१७/
यामुळे तेलाचे काम मात्र अवघड झाले. वंगण हे त्याचे जुने काम राहिलेच. शिवाय त्याने दाब वाहून न्यायचा, उष्णता बाहेर काढायची, फेस येऊ द्यायचा नाही, आणि सर्वांत कठीण म्हणजे आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींना पकडताना हिसका किंवा थरथर होऊ द्यायची नाही. १९४९मध्ये जनरल मोटर्सने अशा तेलासाठी 'टाइप ए' हे मानक ठरवले. मानकाची खूण असलेला डबा दुकानातून आणून मालक घरी तेल बदलू शकत होता. तळाचे तसराळे सोडवा, चाळणी साफ करा, काही गाड्यांत बाहेरचा स्क्रू फिरवून पट्टा आवळा. घरचे काम अजून संपलेले नव्हते.

१८/
आणि इथे देवमासा येतो. पकड मुलायम व्हावी म्हणून या तेलात जे द्रव्य मिसळत, ते बहुधा स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलापासून बनलेले असे. या देवमाशाच्या प्रचंड डोक्यातून आणि कातडीखालच्या चरबीतून निघणारे तेल रासायनिकदृष्ट्या आपल्या नेहमीच्या तेलांपेक्षा निराळे, म्हणजे एक प्रकारचे द्रवरूप मेण असते. ते धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहते आणि उष्णतेत सहज बिघडत नाही. गंधकाशी प्रक्रिया केलेले हेच तेल, प्रचंड दाब सोसणाऱ्या दातेरी चक्रांच्या गिअर ऑइलमध्येही घालत. काकांच्या अंगणातला तो दर्प गंधकयुक्त मिश्रणांचाच होता. आज त्यात देवमासा नसतो, इतकेच.

१९/
आपण शाळेत एक सुखद गोष्ट ऐकलेली असते: १८५९मध्ये पेन्सिल्व्हेनियात एडविन ड्रेक यांना खनिज तेल लागले, रॉकेलचे दिवे आले आणि दिव्यांसाठी होणारी देवमाशांची कत्तल थांबली. दिव्यांपुरते ते खरेही आहे. परंतु स्पर्म व्हेलची सर्वांत मोठी शिकार एकोणिसाव्या शतकात झालेलीच नाही. ती झाली १९६०च्या दशकात, जेव्हा जगभरात वर्षाला वीस हजारांहून अधिक स्पर्म व्हेल मारले जात होते. खनिज तेलाच्या युगाने देवमाशाला दिव्यातून बाहेर काढले आणि यंत्रांमध्ये, कारखान्यांमध्ये पुन्हा कामाला लावले.

२०/
शनिवारी दुपारी घरासमोर गाडीखाली आडव्या झालेल्या त्या काळातील अमेरिकी गृहस्थाची कल्पना करा. लालसर तेलाचा डबा त्याने स्वतः विकत आणला आहे, तसराळे स्वतः सोडवले आहे, चाळणी स्वतः धुतली आहे. त्याच्या आजोबांना फोर्डच्या तेलातला तंतू दिसत होता. तो कुठून आला आणि काय करतो, हे त्यांना ठाऊक होते. नातवाला आपण महासागरातील एका प्राण्याचा अंश गिअरबॉक्समध्ये ओततो आहोत याची सहसा कल्पनाही नसे. डब्यावर मानकाची खूण होती. तिच्यामागे काय आहे, हे त्याने विचारावे अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. हात अजून त्याचेच होते, ज्ञान मात्र प्रयोगशाळेत गेले होते.

२१/
१९७०मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेल संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला आणि त्याच्या तेलाच्या आयातीला बंदी केली. १९७२ आणि १९७३च्या कायद्यांनी हे संरक्षण अधिक पक्के केले. तेल बनवणाऱ्यांना पर्याय शोधावा लागला. जनरल मोटर्सने देवमाशाच्या तेलाविना चालणारे 'डेक्सरॉन-२' हे मानक आणले. त्याच्या पहिल्या रूपाने नवीच अडचण उभी केली: तेल थंड करणाऱ्या कूलरमधील सांधे गंजू लागले. गंजरोधक द्रव्य घालून मानक सुधारावे लागले. एका प्राण्याने फुकट दिलेला गुण प्रयोगशाळेत पुन्हा निर्माण करणे किती कठीण, हे अभियंत्यांना त्या वेळी कळले.

२२/
पर्यायांच्या शोधात होहोबा या झुडपाचे नाव पुढे आले. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या वाळवंटी सीमाभागात ते रानोमाळ उगवते. त्याच्या बियांतील तेल हेही द्रवरूप मेणच असते, स्पर्म व्हेलच्या तेलाचे जणू वनस्पतीतील भावंड. ॲरिझोनातील सॅन कार्लोस वस्तीवरील अपाची लोकांनी संशोधनासाठी रानातून हे बी गोळा केले. पुढे होहोबा मुख्यत्वे सौंदर्यप्रसाधनांत गेले आणि गिअरबॉक्समध्ये कृत्रिम रसायने आली. आज केसांच्या तेलाच्या बाटलीवर 'होहोबा' किंवा 'जोजोबा' वाचाल, तेव्हा त्यामागची ही कथाही आठवून पाहा.

२३/
आता आपल्याकडे. १९२८मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. १९४४मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट व तिचीच वारसदार प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी मिळायला वर्षे लागत. म्हणून हाती असलेली गाडी टिकवणे हा संसाराचाच भाग झाला. स्वयंचलित गिअरबॉक्स भारतात दुर्मीळ होता. पद्मिनीत स्टिअरिंगच्या दांड्याशी असलेल्या लिव्हरने हातानेच गिअर टाकावा लागे.

२४/
परिणामी अमेरिकेत जे ज्ञान प्रयोगशाळेकडे सरकले, ते आपल्याकडे दीर्घकाळ रस्त्यावर राहिले. झाडाखालचा मिस्त्री, टॅक्सी स्टँडवरचा चालक, रविवारी अंगणात उतरणारा गृहस्थ, यांनी ते एकमेकांना तोंडी दिले. माझ्या काकांनी हे काम तारुण्यात शेजाऱ्यांच्या पद्मिनीखाली पाने देता-घेता शिकले होते. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३पासून कायमची गेली. तिच्या छायाचित्रांवर आपण सर्वांनी हळहळ व्यक्त केली. तिला चालती ठेवणाऱ्या हातांची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. आपल्या विषयाचा हा जुनाच दोष आहे: यंत्र विकत घेतल्याची पावती टिकते, ते दुरुस्त केल्याची टिकत नाही.

२५/
कथेचा शेवटचा टप्पा सीलबंद पेटीचा. गेल्या काही दशकांत अनेक स्वयंचलित गिअरबॉक्सवरून तेल मोजण्याची पट्टीच काढून टाकण्यात आली आणि हे तेल 'आयुष्यभरासाठी' आहे असे सांगण्यात येऊ लागले. पातळी पाहायची तर इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान संगणकीय उपकरणाने मोजून, ठरावीक मर्यादेत असतानाच नट उघडावा लागतो. गंमत म्हणजे गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीतील झेडएफ ही कंपनी स्वतः आपल्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल, वापरानुसार, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा फार तर आठ वर्षांनी बदलावे असे सुचवते. मग 'आयुष्यभर' म्हणजे कोणाचे आयुष्य?

२६/
हा प्रश्न न्यायालये आणि मतपेट्यांपर्यंत गेला. २०१२मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वाहन दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने सुमारे ८६ टक्के मतदारांनी कौल दिला. आपल्याकडे ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळू न देणे, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत वाहनेही होती.

२७/
दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. आजचा गिअरबॉक्स मॉडेल टीच्या मानाने कितीतरी अधिक टिकतो आणि त्यासाठी आठवड्याला गाडीखाली शिरावे लागत नाही. चुकीचे तेल घातले तर आतील पितळी भागांची हानी होते. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरणाऱ्यांचे प्राण गेले आहेत, स्टँड हवेतच. आणि घरी काढलेले काळे तेल गटारात ओतणाऱ्याला देवमाशासाठी हळहळण्याचा अधिकार उरत नाही. ते डब्यात भरून पुनर्प्रक्रियेसाठी घेणाऱ्याकडेच द्यायला हवे. काकांनीही ते तसेच दिले.

२८/
तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. यंत्र सोपे झाले म्हणून आपल्याला त्याच्या आतले कळेनासे झाले, असे घडले नाही. यंत्र अवघड होत गेले आणि त्याच वेळी त्याची माहिती देण्याची सवय सुटत गेली. १९२०च्या आसपास एका शेतकऱ्याला कारखाना प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेतून सांगत होता, की रॉकेल ओता आणि पंधरावीस वेळा हँडल फिरवा. शंभर वर्षांनी, कितीतरी अधिक शिकलेल्या ग्राहकाला सांगितले जाते, की तुम्हाला काही करण्याची गरज नाही. यातली दुसरी भाषा सोयीची आहे. पहिल्या भाषेत अधिक आदर होता, असे मला वाटते.

२९/
त्या रविवारी नवे तेल नळी आणि नरसाळ्यातून भरता भरता वरच्या छिद्रातून बारीक ओघळ आला. "पुरे. बाहेर आलं की पोट भरलं," काका म्हणाले. नट आवळायचा पाना त्यांनी माझ्या हातात दिला. त्या घरात तो पाना आजवर कोणा मुलीच्या हातात गेलेला नव्हता. आम्हा दोघांनाही ते जाणवले आणि आम्ही त्यावर काही बोललो नाही. दिवाळीत त्यांनी नवी, स्वयंचलित गिअरची गाडी घेतली. तिच्या पुस्तिकेत गिअर ऑइलचे पान शोधताना त्यांनी मला फोन केला. ते पान तिच्यात नाही.

३०/
एक विनंती करून थांबते. आपल्या घरात, गल्लीत, नात्यात गाडी, स्कूटर, शिलाई मशीन किंवा शेतावरचा पंप स्वतः उघडणारे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसून त्यांच्याकडून ते काम एकदा क्रमवार ऐकून लिहून काढा: कोणता नट आधी, कोणता नंतर, कशावरून काय ओळखायचे, हे कोणी शिकवले. लिहिलेले खाली प्रतिसादात जोडलेत तर आपण ते एकत्र करू.